सूपभर कोंड्याला विकलेला

माझ्या आधी आमच्या घरात तीन मुलं झाली आणि तिन्ही गेली. पहिलं पाळण्यातच, दुसरं रांगायला लागल्यावर, आणि तिसरी मुलगी चांगली चुरूचुरू बोलायला लागली होती तेव्हा. निपाणीला चालत जाता येईल इतक्या अंतरावर आमचं गाव. रान होतं, पण खडकाळ. घरातला जोंधळा दिवाळीपर्यंत पुरला तरी वर्ष बरं गेलं म्हणायचे. त्यापुढं आई निपाणीत वखारीवर तंबाखू चाळायला जायची. पोटात मूल असलं तरी जायची, अंगावर मूल असलं तरी जायची. संध्याकाळी परत आली की तिचे डोळे लाल झालेले असत आणि लुगड्याला असा वास असे की जवळ घेतलेलं मूल आधी ठसकायचं, मग प्यायचं. माझी भावंडं का गेली याचं उत्तर मला आज त्या वासात सापडतं. त्या वेळी गावाला ते दुसरीकडं सापडलं. गाव म्हणालं, हिच्या ओटीवर कुणाची तरी नजर बसलीय. हिचं म्हणून जे होईल ते नेलं जाईल.

यावर आमच्याकडं एक उपाय होता. मूल विकायचं. मी जन्मलो तेव्हा गावाबाहेरच्या लक्ष्मीच्या देवळात आईनं मला माझ्या थोरल्या चुलतीच्या ओटीत घातलं. चुलतीला मूल नव्हतं. तिनं मोबदला म्हणून आईच्या पुढ्यात सूपभर कोंडा ओतला. वडील उभे होते, चुलता उभा होता, गुरवानं घंटा वाजवली आणि आईनं सगळ्यांच्या देखत 'इकलं' म्हटलं. मग माझ्या उजव्या नाकपुडीत तांब्याची कडी घातली आणि नाव असं ठेवलं की कुणी हाक मारली तर शिवी दिल्यासारखी वाटावी. न्यायला येणाऱ्यानं विचारलं की हे कुणाचं, तर सांगायचं, कुणाचं न्हाय, कोंड्याच्या मोलाचं हाय. अशा फालतू जिनसेला कोण हात लावतो?

पाच वर्षं मूल जगलं की आईनं सूपभर निवडलेला जोंधळा चुलतीला द्यायचा, कडी काढायची आणि मूल परत घ्यायचं, असा रिवाज होता. माझी पाच वर्षं झाली. जोंधळा निवडूनही ठेवला होता म्हणे. पण आईचा धीर झाला नाही. जगतंय तर जगू दे, म्हणाली. त्यामुळं मी विकलेलाच राहिलो. घर एक होतं, चूल एक होती. मला पाजलं आईनं, न्हाऊ घातलं आईनं, पण मी तिला 'काकी' म्हणायचो आणि चुलतीला 'आई'. मला तसंच शिकवलं होतं. ही गोष्ट सांगताना मात्र मी जन्म देणारीला आई आणि चुलतीला चुलती म्हणणार आहे, नाहीतर वाचणाऱ्याचा गोंधळ व्हायचा. माझा झालाच होता.

वडील तापानं गेले तेव्हा मी चौथीत होतो. दिवसकार्य झाल्यावर चुलत्याचा आवाज बदलला. तो मोठ्यानं बोलणारा माणूस नव्हता. जेवताना, पाण्याचा तांब्या मागावा तशा सुरात तो आईला म्हणाला, की तुला माहेरी जायचं तर जा, आता इथं तुझं काय आहे? आईनं माझ्याकडं पाहिलं. तो म्हणाला, त्याच्याकडं काय बघतीस, त्यो माझा हाय, साऱ्या गावानं बघितलंय.

मला त्या वेळी यातलं फक्त एवढं कळलं, की काकी जाणार. ती जाईल ही कल्पना मी कधी केलीच नव्हती. घरात दोघी असतात, एकीला आई म्हणायचं आणि दुसरीच्या कुशीत झोपायचं, असंच जग असतं असं मी धरून चाललो होतो.

पुढच्या बाजारच्या दिवशी आई मला घेऊन निपाणीला निघाली. घरात सांगितलं, मीठ-मिरची आणते. निपाणीत ती बाजाराकडं वळलीच नाही. थेट बेळगावच्या मोटारीत बसली. मी पहिल्यांदाच मोटारीत बसत होतो आणि मला हौस वाटायला हवी होती. पण तिनं माझा हात असा धरला होता की बोटं बधिर झाली. संकेश्वरला मोटार थांबली तेव्हा तिनं झटकन माझं तोंड पदराखाली घेतलं. आमच्या गावचा एक जण फाट्यावर उसाच्या गाडीजवळ उभा होता. नाकात कडी असलेला एवढा मोठा मुलगा लांबूनही ओळखू येतो. पदराआड मला गुदमरायला झालं. मी म्हणालो, काकी, कडी काढ की. तिनं माझ्या तोंडावर हात दाबला. पकडले जायची एवढी भीती असूनही तिनं कडीला हात लावला नाही, कारण कडी काढली की मी तिचा झालो असतो. दोन भीतींमधली कुठली मोठी, हे तिचं तेव्हाच ठरलेलं होतं.

मामाचं घर कंग्राळीत. मामा म्हशी राखायचा आणि बेळगावात चार घरी दूध घालायचा. त्यानं आईला काही विचारलं नाही. मामीनं मात्र विचारलं आणि मग दोघी बराच वेळ जात्यापाशी बसल्या.

चुलता दोन-चार दिवसांतच आला. संगती गावचे दोन जाणते होते. मामानं त्यांना घोंगडं टाकलं, पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. मग चुलत्यानं विषय काढला. म्हणाला, "पाव्हणं, बाजारात इकलेलं जनावर कुणी परत मागाय जातंय व्हय?"

मामा म्हणाला, "पाव्हणं, सूपभर कोंड्यात म्हशीचं शेपूट बी मिळत न्हाय. तुमी आक्खं पोरगं न्यायला निघालाय."

जाणते हसले. चुलताही हसला, आणि त्याच्या हसण्याचीच मला भीती वाटली. तो उठला, पटका झाडला, आणि जाता जाता मामाला समजावून सांगावं तसं म्हणाला, की तुम्ही बेळगावात कोर्ट करा नाहीतर आणि काही करा. आमच्या गावाच्या ओढ्यापलीकडं संस्थानची हद्द लागते. पोरगं एकदा ओढा उतरलं की इंग्रजाचं कोर्ट अलीकडच्या काठावर बसून बघत राहील.

हे खरं होतं. आमच्याकडचं लहान मूलसुद्धा हे जाणून होतं. खालशातला, म्हणजे इंग्रजी मुलखातला, चोर ओढा ओलांडून पलीकडं गेला की इकडचा शिपाई काठावर थांबून विडी ओढायचा. आम्ही पोरं तोच खेळ खेळायचो. पण आता ओढा उतरून न्यायची जिन्नस मी होतो.

मामा ज्यांच्याकडं दूध घालायचा त्यांत एक वकील होते. जुन्या गावातलं घर, दाराशी चपलांची रांग. मामा आम्हाला तिथं घेऊन गेला. वकिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि सुरुवातीला त्यांचा चेहरा मोकळा होता. बाप गेल्यावर अज्ञान मुलाची पालक आईच, असं म्हणाले. मला कळेना मला अज्ञान का म्हणतात; मी वर्गात पहिला होतो. आईनं पाट लावला असता तर गोष्ट वेगळी, म्हणाले, पण तिनं लावलेला नाही. बापाचा रानातला अर्धा वाटा मुलाचा, आणि मूल कुठंही राहिलं तरी त्या वाट्यातनं त्याचं खाणंपिणं, शाळा आणि आईची पोटगी मागता येईल.

मग मामानं कोंड्याची गोष्ट सांगितली. वकील सरळ बसले. वडील तिथं होते का, त्यांनी विचारलं. होते. लोक होते का? सारं गाव होतं. मामानं भीत भीत विचारलं, की दत्तकाला होम लागतो ना, भटजी लागतो ना, तसलं काही झालं नव्हतं.

वकील म्हणाले, "तुमच्यात होम लागत नाही. बापानं दिलं, दुसऱ्यानं घेतलं, चार माणसांनी पाहिलं, की झालं. तेच वाईट आहे."

त्यांनी पुढचं समजावलं ते मला मोठेपणी कळलं. मी चुलत्याचा दत्तक ठरलो, की माझे वडील निपुत्रिक ठरले. निपुत्रिकाचा वाटा एकत्र घरात भावाकडं जातो. म्हणजे रान गेलं, मुलगा गेला, आणि आईला उरली ती चुलत्याच्या दारातली भाकरी. त्या दिवशी मला कळलं ते एवढंच, की आईला कोर्टात उभं राहून एक वाक्य बोलायचं आहे. हा मुलगा माझा, मी दिला नाही, तो देवाधर्माचा नुसता देखावा होता. वकिलांनी ते दोनदा म्हणून दाखवलं. आई मान खाली घालून ऐकत होती. वाटेत तिनं मामाला विचारलं, की दुसरं काही सांगितलं तर चालणार नाही का?

मला खरी भीती कळली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. आई आणि मामी दळत होत्या आणि मी दाराआड होतो. मामी म्हणत होती, अगं एवढं एक वाक्य, त्यात काय जातंय? आई दळायची थांबली.

"म्या माझं म्हटलं आन त्येनं ऐकलं, तर?"

"कुणी गं?"

"तिगांना न्हेलं त्येनं."

मी तिथनं उठलो तो गोठ्यात जाऊन बसलो. म्हैस रवंथ करत होती. मी नाकाखाली बोट धरून माझा श्वास येतो का ते बघितलं. हे माझं पुढं रोजचंच झालं. ती बोलली तर मी मरणार आणि ती नाही बोलली तर मला ओढ्यापलीकडं नेणार, असा तो हिशोब होता, आणि यात चूक कुठं आहे ते सांगायला माझ्याजवळ कुणी नव्हतं. विचारायचं कुणाला? विचारलं असतं तर मला ते कळलंय हे आईला कळलं असतं.

कोर्टात अर्ज पडला. चुलत्याला समन्स गेलं. मला शाळेत जाऊ देत नव्हते. विहिरीपर्यंत जायचं ते मामीच्या नजरेत. आणि तरीही एका सकाळी, मामी कपडे धूत असताना, बांधावर एक ओळखीचा माणूस आला. आमच्या गावचाच. त्यानं मला गुळाची ढेप दाखवली आणि म्हणाला, "तुजी आई आलीया रं. भाताच्या खाचराच्या पल्याड गाडीत बसलीया. तुला बघायचंय म्हणाली."

आई म्हणजे चुलती. मला तिची इतकी आठवण येत होती की मी गुळाकडं बघितलंही नाही. खाचराच्या बांधावरनं पळत गेलो. गाडी होती. आमचीच होती, पडदा सोडलेली; डावा बैल मी लांबूनच ओळखला. मी 'आई' म्हणून हाक मारली. गाडीतनं कुणी डोकावलं नाही. परत हाक मारली. चुलती असती तर एका हाकेत उतरून आली असती. ती पडद्याची गाडी तशीच गप्प उभी होती आणि माझ्या मागून तो माणूस चालत येत होता. घाई न करता.

मी बांधावरनं खाचरात उडी मारली. भात कमरेएवढं होतं. चिखलात पाय रुतत होते, पण माझं वजन कमी आणि त्याचं जास्त. मी भाताच्या आत जाऊन बसलो, तोंड चिखलाजवळ धरून. तो काठाकाठानं फिरत माझ्या नावानं, त्या शिवीसारख्या नावानं, गोड हाका मारत होता. मामीचा आरडाओरडा ऐकू आला, मग माणसं आली, मग चाकांचा आवाज लांब गेला. तरी मी उठलो नाही. मामानं मला उचललं तेव्हा माझ्या अंगात ताप होता.

आईनं त्या तापाचा अर्थ स्वतःच्या पद्धतीनं लावला. अजून कोर्टाचा दिवस आला नव्हता, आपण नुसतं बोलायचं मनात आणलं आणि हे झालं, असं ती मामीजवळ म्हणाली. वकिलांनी मात्र गाडीची हकीकत ऐकून कोर्टाकडनं ताबडतोब हुकूम आणला, की निकाल लागेपर्यंत मूल आईजवळ राहील आणि कुणीही त्याला जिल्ह्याबाहेर नेणार नाही.

तारीख लागली त्या दिवशी कोर्टाच्या आवारात मोठी गर्दी होती. आम्ही झाडाखाली बसलो होतो. तेवढ्यात फाटकातनं चुलता आला, गुरव आला, जाणते आले आणि सगळ्यांच्या मागं डोईवर पदर घेतलेली चुलती. तिच्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. मला भान राहिलं नाही. मी 'आई, आई' करत पळालो आणि तिच्या कमरेला मिठी मारली. तिनं फडकं सोडलं, उकडलेल्या शेंगा होत्या, आणि माझ्या अंगावरनं हात फिरवत बारीक झालास रं, बारीक झालास, एवढंच ती म्हणत राहिली.

चुलत्याचा वकील बघत होता. तो आमच्या वकिलांना हसत म्हणाला, "ऐकलंत ना? पोरगं कुणाला आई म्हणतंय ते आख्ख्या आवारानं ऐकलंय."

आमच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. मी वळून पाहिलं तर आई झाडाखाली उभी होती. ती रागावलेली नव्हती. ती माझ्याकडं बघतच नव्हती.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ती चढली तेव्हा तिच्या पायांचा आवाजसुद्धा झाला नाही. न्यायाधीश कानडी मुलखातले होते; मराठी समजायचं, बोलताना मधेच कानडी यायचं. आमच्या वकिलांनी नाव, गाव, नवरा कधी वारला हे विचारून घेतलं. आई नीट उत्तरं देत होती. मग त्यांनी माझ्याकडं बोट केलं आणि विचारलं, हा मुलगा कुणाचा?

 त्यांनी परत विचारलं. पंख्याची दोरी ओढणारा माणूस ओढायचा थांबला होता. न्यायाधीश पुढं वाकून म्हणाले, "हेदरबेड. भिऊ नको, सांग."

मी भिंतीला टेकून बसलो होतो आणि नाकाखाली बोट धरलं होतं.

आई म्हणाली, "सायेब, ह्ये सोडून काय बी इचारा. त्येला कुणी पाजलं इचारा. देवी आल्या तवा कोण जागलं इचारा. पर त्यो कुणाचा ह्ये माज्या तोंडनं काढू नगा."

का, असं न्यायाधीशांनी विचारलं. तिनं मान हलवली. ते परत म्हणाले, का नको?

"तीन माजी म्हटली, ती गेली," आई म्हणाली. "एक कोंड्याचं म्हटलं, ते ऱ्हायलं. तुमी मला पोरगं नगा दिऊ हवं तर. पर ते जित्तं ऱ्हाऊ दे."

चुलत्याचा वकील उठला आणि म्हणाला, की बाई मूल आपलं आहे असं म्हणायला तयार नाही, एवढं कृपा करून लिहून घ्यावं. ते लिहून घेतलं गेलं. टाकाचा आवाज मला ऐकू आला. आमचे वकील खाली बसले आणि मामाकडं बघून नुसती बोटं झटकली, म्हणजे संपलं. मला इतकं कळलं की आई बोलली नाही, म्हणून मी मरणार नाही. आणि ओढा आता समोर आला.

गुरवाची साक्ष झाली. घंटा वाजवली, मूल दिलेलं पाहिलं. जाणत्यांची झाली. बाप उभा होता, त्यानं अडवलं नाही, पाहिलं. सगळं खरं होतं; खोटं कुणीच बोलत नव्हतं. मग चुलती चढली. चुलत्याच्या वकिलानं विचारलं, की तुम्ही मूल ओटीत घेतलं का? घेतलं. आपलं म्हणून वाढवलं का? वाढवलं. ते तुम्हाला आई म्हणतं का? म्हणतंय. तो समाधानानं बसला.

आमचे वकील उठायलाच तयार नव्हते असं मला वाटलं. पण उठले. त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, की बाई, मूल घेतलं तेव्हा तुम्ही काय दिलं? सूपभर कोंडा, चुलती म्हणाली. मागं बसलेले लोक हसले. मुलाला कोण पाजायचं? तीच, मला दूध कुठलं? कोंडा का, जोंधळा का नाही? जोंधळा पाच वर्सांनी परत येतोय, म्हणाली. म्हणजे मूल परत जायचं होतं? जायचंच असतंय, चुलती म्हणाली, रीतच हाय ती. मग गेलं का नाही? चुलतीनं आईकडं पाहिलं.

"ती भ्याली. जोंधळा निवडून ठेवलावता. मीच म्हटलं, ऱ्हाऊ दे आनी थोडं दीस."

चुलता जागेवर उभा राहिला. शिपायानं त्याला बसवलं. वकिलांनी शेवटचं विचारलं, की मग तुम्ही आजही मूल माझं म्हणता, ते कशासाठी?

चुलतीचा आवाज अगदी लहान झाला. नवऱ्याकडं तिनं पाहिलंच नाही. "त्येनं जगावं म्हणून म्हणतो. मी माजं म्हटलं न्हाय तर त्ये तिचं हुतंय. मग तिचं झालं की…"  पुढचं तिला कुणी बोलायला लावलं नाही.

न्यायाधीशांनी नंतर मला त्यांच्या खोलीत बोलावलं. एकट्याला. त्यांनी मला पाणी दिलं आणि विचारलं, कुणाजवळ राहायचंय? मला वाटलं, हा सापळा आहे. मी ज्या नावानं हाक मारीन ते नाव कुणीतरी ऐकणार. मी म्हणालो, जिथं मरणार न्हाय तिथं. त्यांनी हातातला टाक खाली ठेवला. मग म्हणाले, इथं तू बोललास ते या खोलीबाहेर कुणालाही ऐकू जात नाही, मी न्यायाधीश आहे, माझा तसा हुकूम आहे. त्या माणसानं हे मला पटेल अशा सुरात सांगितलं. मी नाव घेतलं नाही तरी खिडकीतनं हातानं दाखवलं, झाडाखाली बसलेली, ती.

निकाल नंतरच्या तारखेला लागला. मधले दिवस मी कसे काढले ते सांगत नाही, कारण सांगण्यासारखं काही घडलं नाही. मी दाराआड बसायचो, बस.

निकालाच्या दिवशी वकिलांनी आवारात उभं राहून आम्हाला मराठीत सांगितलं. ओटीत घालणं हा नवस होता, दत्तक नव्हे. परत करायच्या बोलीनं दिलेलं मूल दिलेलं नसतं. आईनं मूल आपलं म्हणायचं टाळलं, ते ती आई असल्यामुळंच, असं न्यायाधीशांनी लिहिलं होतं. ते वाक्य वकिलांनी दोनदा वाचलं.  अज्ञान मुलाची पालक म्हणून आई नेमली. रानातल्या वाट्याचं उत्पन्न चुलत्यानं मुलाच्या शिक्षणाला आणि आईच्या पोटगीला द्यायचं. मूल जिल्ह्याबाहेर न्यायचं नाही. आणि दर सणाला चुलतीनं मुलाला भेटायला यावं, तिला कुणी अडवायचं नाही, असंही होतं. हे कुणी मागितलं नव्हतं.

आईनं सगळं ऐकलं. आनंद झालेला माझ्या बघण्यात आला नाही. ती मामाला म्हणाली, मला बोलाय लागलं न्हाय न्हवं? मामा म्हणाला, न्हाय आक्का, एक शबुद न्हाय.

भीती काही हुकमानं जात नाही. चुलत्यानं पहिल्या साली धान्य नीट दिलं, दुसऱ्या साली अर्ध्यावर आणलं, वकिलांना परत उठावं लागलं. मला ताप आला की आई जेवायची नाही. नाकातली कडी हायस्कुलात मुलं चिडवायची म्हणून मी काढा म्हणालो तर तिनं ऐकलं नाही. ती कडी झिजत झिजत एके दिवशी शाळेतच तुटून पडली, आणि त्यानंतर कितीतरी दिवस आई मला दारात बसवून माझ्याकडं बघत राहायची. चुलती सणाला यायची. कधी चुलता सोडायचा, कधी सोडायचा नाही. तेव्हा ती बाजाराचं निमित्त करून यायची. मी तिला आई म्हणत राहिलो आणि आईला काकी. ते बदलायचा धीर आमच्या तिघांतल्या कुणालाच झाला नाही, आणि मोठा झाल्यावर मला ते बदलावंसंही वाटलं नाही.

मी कंग्राळीहून चालत बेळगावच्या हायस्कुलात गेलो, मॅट्रिक झालो, आणि तिथल्याच कॉलेजात शिकून बी. ए. झालो. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत त्याआधी कुणी चौथीच्या पुढं गेलेलं नव्हतं. हे मी मिरवून सांगतो. लाजायचं कारण मला दिसत नाही. फी त्या रानाच्या वाट्यातनं गेली. सज्ञान झाल्यावर मी वाटा फोडून घेतला, निम्मं रान माझ्या नावावर लागलं, आणि आई वखारीवर जायची बंद झाली.